दुकानदार म्हणतो लायसन्स नको, मग घेऊ का?

प्रश्न: मुलगी हायर सेकंडरीला आहे, अजून सोळा पूर्ण नाहीत. घर पर्वरीला, क्लास पणजीत. दुकानदार एक इलेक्ट्रिक स्कूटर दाखवतोय, म्हणे लायसन्स नको, आरटीओ नको, आणि नंतर एक वायर काढून दिली की 45 ने पळते. घेऊ का? अटल सेतूवरून पटकन पोचेल ना ती? – एक आई, पर्वरी

उत्तर: ताई, दुकानदाराचं लायसन्स-आरटीओ नको हे वाक्य खरं असू शकतं, पण वायरवालं एकदम डेंजर. लायसन्स-रजिस्ट्रेशनमधून सूट फक्त छोट्या गाडीला आहे, म्हणजे मोटर 250 वॅटच्या आत, स्पीड ताशी 25 च्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, आणि एआरएआय किंवा आयकॅटसारख्या टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट हवं. तो कागद आधी हातात मागा, नुसत्या स्टिकरवर जाऊ नका. वायर काढली की ती कायद्याने मोटर वाहनच झाली, मग नंबरप्लेट, इन्शुरन्स, लायसन्स, हेल्मेट सगळं आलं, आणि यातलं काहीच नसताना अल्पवयीन मूल चालवताना सापडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकालाच 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, साधा तालांव (चलन) भरून सुटायचं प्रकरण नाही हे. आणि कुणाला धडक बसली तर इन्शुरन्स नाही म्हणजे भरपाई तुमच्या खिशातून.

मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदीच आहे, इलेक्ट्रिक असो की पेट्रोल. जुन्या पुलावरून जाता येतं, पण मागून बस आणि टिप्पर येत असताना 25 च्या स्पीडने मुलीला तिथे पाठवणं मला पटत नाही. त्यापेक्षा बेतीला खाली उतरून फेरीबोटीने पणजी गाठू दे. फक्त धक्क्यावर चावी बंद करून गाडी ढकलत न्यायची हं, कारण इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे हे लक्षातच राहत नाही, हात चुकून थ्रॉटलवर पडला की सुटलीच पुढे, आणि पावसात तो उतार शेवाळाने निसरडा असतो. आयएसआय मार्कचं हेल्मेट छोट्या गाडीवरही घालायला लावा, कायदा काय म्हणतो ते राहू दे.

प्रश्न: आम्ही मडगावात तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून एक्स्टेंशन सोडून खाली गाडी चार्ज करतो, सोसायटीवाले कटकट करतात.

उत्तर: यावेळी सोसायटीवाले बरोबर आहेत भाऊ. पावसात लोंबकळणारी वायर, तिचा जोड पाण्यात, आणि खाली कुणाची तरी पोरं खेळतायत. पार्किंगमध्येच तुमच्या मीटरवरून 15 अँपिअरचा पॉइंट काढून घ्या, अर्थिंग नीट, आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) लावलेला, आणि वर छप्पर पाहिजे, कारण बॅटरी पाण्याला टिकते पण चार्जर टिकेलच असं नाही. बॅटरी काढता येत असेल तर घरात न्या, पण जिन्यात किंवा गॅस सिलिंडरजवळ नको, रात्रभर लावून झोपायचं नाही, भिजून आल्यावर सॉकेट कोरडा केल्याशिवाय पिन घालायची नाही. पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर चार्जिंगला लावूच नका, सर्व्हिसवाल्याला बोलवा. 2022 मध्ये स्कूटरना आगी लागल्या तेव्हा बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-156 नियम कडक केले, नवीन गाडी घेताना त्याबद्दल विचारा, आणि चार्जर कंपनीचाच, बाजारातला स्वस्त नको.

प्रश्न: पुण्याचे मेव्हणे येतायत, शेजारी आपली इलेक्ट्रिक स्कूटर दिवसाच्या भाड्याने देतो म्हणतो. चालेल?

उत्तर: प्लेट बघा. हिरव्यावर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, ती भाड्याने देता येत नाही. हिरव्यावर पिवळी असतील तर घ्या. लायसन्स मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं, हेल्मेट मात्र मागे बसणाऱ्यालाही, नाहीतर 1000 दंड आणि लायसन्स तीन महिने बाद. आणि मेव्हण्यांना आधीच सांगून ठेवा, गाडी बीचवर न्यायची नाही.