गवत गुडघाभर आणि दंड सव्वा लाख!

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहतो, मूळचे सांगलीचे. मार्चमध्ये काउंटीच्या ऑनलाइन ऑक्शनमधून एक फोरक्लोजरचं, म्हणजे कर्ज थकलं म्हणून विकायला निघालेलं घर घेतलं, बँकेने जुन्या मालकावर केस केली होती आणि घर तीनेक वर्षं रिकामं पडलेलं. किंमत बरी वाटली म्हणून घाई केली, वकील वगैरे केला नाही हे आधीच कबूल करतो. टायटल (मालकीचा कागद) हातात आलं आणि तीन आठवड्यांत शहराचं पत्र! गुडघाभर गवत, स्विमिंग पूल हिरवागार, मागचं कुंपण आडवं, रोजचा दंड २५० डॉलर, ४८७ दिवसांचे झाले १,२१,७५० आणि अजून चालूच आहे म्हणे. बायको म्हणते गवत आपण वाढवलं नाही तर आपण का भरायचं, मेहुणा म्हणतो सरळ कोर्टात खेच. आमचं ऑर्लंडोला एक भाड्याने दिलेलं घर आहे, त्याच्यावर पण हे येईल का? आणि दंड खरंच कमी होतो का, की लोक नुसतं सांगतात?

उत्तर : दादा, होतो. बऱ्याच वेळा खूपच कमी होतो. पण तुमचं पत्र वाचून मला पहिली काळजी वाटली ती १,२१,७५० ची नाही, "अजून चालूच आहे" या तीन शब्दांची. म्हणजे रिक्षा दारात उभी आहे, मीटर डाऊन आहे आणि तुम्ही घरात बसून भाडं जास्त झालं की कमी यावर चर्चा करताय. आधी रिक्षा सोडा. हे मासिक खाली ठेवा आणि गवत कापणाऱ्याला फोन करा, पूलवाल्याला करा, कुंपणाचं बघा. आणि तिन्ही झाल्यावर गप्प बसू नका, शहराच्या कोड एन्फोर्समेंटला (घर-आवाराचे नियम पाळले जातात का ते बघणारं खातं) स्वतःहून फोन करून इन्स्पेक्टर बोलवा, कारण तुम्ही गवत कापलं त्या दिवशी मीटर आपोआप थांबेल असं गृहीत धरू नका, तो इन्स्पेक्टर येऊन बघून आता सगळं नियमात आहे असं लिहून देतो तो कागद हातात लागतो आणि तिथून पुढचं बोलता येतं. तो कागद नसेल तर बहुतेक शहरं दंड कमी करण्याचा अर्जच घेत नाहीत.

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. २०११ च्या सुमाराला आम्ही पण असंच एक बँकेचं पडीक घर घेतलं, गाव कुठलं ते जाऊ दे. माझ्या नवऱ्याने दोन शनिवार घालवून ओळखीच्या माणसाकडून मस्त नवीन कुंपण घालून घेतलं, आम्ही खूश. इन्स्पेक्टर आला, कुंपणाकडे बघितलंही नाही धड, विचारलं परमिट कुठाय? परमिट नाही म्हणजे जुनं पडलेलं कुंपण गेलं आणि त्या जागी बिनपरवान्याचं कुंपण आलं, दंडाच्या दृष्टीने आम्ही होतो तिथेच. परमिट काढून, फायनल इन्स्पेक्शन करून घेईपर्यंत सात आठवडे गेले आणि तेवढे दिवस दंड वाढत राहिला. तेव्हा कुंपणाला किंवा छपराला हात लावण्याआधी परमिट लागतं का ते विचारा, आणि जुन्या मालकाने काढून अर्धवट सोडलेलं एखादं परमिट उघडं आहे का तेही विचारा. अशी भुतं त्या घरात हमखास असतात.

आता वहिनींचा प्रश्न, आपण का भरायचं. गावाकडे जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा आहे का ते बघतो ना, विकणारा कितीही गोड बोलला तरी? तसंच आहे हे. फ्लोरिडाच्या कायद्यात (१६२ वा चॅप्टर) दंडाचा आदेश काउंटीच्या रेकॉर्डला नोंदला की त्या जमिनीवर लीन बसतो, म्हणजे बोजाच, आणि मालक बदलला म्हणून तो आपोआप उतरत नाही. दिवसाला साधारण २५० डॉलर, तीच चूक परत केली तर ५००, आणि ५० हजारांवर लोकवस्तीच्या शहरांना वेगळा ठराव करून दिवसाला १,००० पर्यंत जाता येतं, पुन्हा केलेल्या चुकीला तर ५,००० पर्यंत. हा लीन २० वर्षांपर्यंत राहू शकतो. तीन महिने भरला नाही तर शहर त्याच्यावरच घर फोरक्लोज करायला कोर्टात जाऊ शकतं, फक्त तुम्ही स्वतः राहता ते होमस्टेडचं घर असेल तर तसं करता येत नाही. तुम्ही हे घर भाड्याने द्यायला घेतलं असणार असा माझा अंदाज, मग ते संरक्षण नाही.

ऑर्लंडोच्या घराचं. हे नीट वाचा कारण इथे लोक गाफील राहतात. लीन हा ज्याच्या नावाने आदेश निघाला त्याच्या इतर मालमत्तेवरही बसतो. सध्याचा आदेश जुन्या मालकाच्या नावाचा असेल, म्हणजे तुमचं ऑर्लंडोचं घर आजच्या तारखेला त्यात नाही. पण तुम्ही आता मालक आहात, गवत तसंच राहिलं आणि शहराने तुमच्या नावाने नवी नोटीस काढून सुनावणी घेऊन नवा आदेश काढला तर मग तेही घर अडकू शकतं. म्हणून पुन्हा तेच, आधी गवत.

हे सुरू झालं की मग शांतपणे बसून काउंटी क्लर्कच्या वेबसाइटवरून तीन तारखा शोधा. बँकेचं मॉर्टगेज (गहाणखत) कधी नोंदलं, फोरक्लोजर केसची लिस पेंडन्सची नोटीस (या घरावर केस चालू आहे अशी जाहीर नोंद) कधी नोंदली आणि दंडाचा आदेश कधी नोंदला. कारण सगळा दंड तुमच्या डोक्यावर आहे की नाही हे इथे ठरतं, आणि खूप लोक हे न बघताच थेट दंड कमी करा म्हणून हात जोडायला जातात. एके काळी काही शहरांनी ठराव केले होते की आमच्या दंडाचा बोजा बँकेच्या मॉर्टगेजच्याही पुढे, मॉर्टगेज आधीचं असलं तरी. पाम बे शहराचा असा ठराव वेल्स फार्गो बँकेबरोबरच्या केसमध्ये फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये उडवला. तेव्हा साधारण हिशोब असा की मॉर्टगेज आधीचं, दंडाचा लीन नंतरचा आणि बँकेने केसमध्ये शहराला पार्टी (प्रतिवादी) केलेलं असेल तर फोरक्लोजरच्या निकालाने तो लीन त्या घरावरून पुसला जातो. लीन लिस पेंडन्सनंतर नोंदला असेल आणि शहर ३० दिवसांत केसमध्ये आलं नसेल तरी तसंच.

यात एक गोम होती. लॉडरडेल-बाय-द-सी नावाचं समुद्राकाठचं छोटं गाव आहे, तिथल्या एका घराचा फोरक्लोजरचा निकाल लागला २००८ ला आणि लिलाव झाला २०१२ ला, मधल्या काळात घर बेवारस आणि दंडावर दंड. अपील कोर्ट म्हणालं की लिस पेंडन्सचं छत्र निकालापर्यंतच, त्यानंतर बसलेले लीन घेणाऱ्याच्या गळ्यात. मालकी तपासून तिचा विमा देणाऱ्या टायटल कंपन्यांची झोप उडाली होती तेव्हा. मग २०१९ मध्ये विधिमंडळाने कायदाच दुरुस्त केला आणि आता ते छत्र टायटलचा कागद नोंदेपर्यंत राहतं. तुमची खरेदी यंदाची, त्यामुळे हा फायदा तुम्हाला मिळायला हवा. पण तारखा आणि पार्टीचं प्रकरण बघायला दोन तासांची फी देऊन इथला रिअल इस्टेटचा वकील करा, ऑक्शनच्या वेळी वाचवलेले पैसे आता घाला. आणि एक लक्षात ठेवा, लीन पुसला गेला तरी हिरवा पूल पुसला जात नाही, तो तुमचाच.

समजा लीन उरलाच, पूर्ण किंवा थोडा. मग दंड कमी करण्याचा अर्ज. आधी विचारा की निर्णय कोणाकडे, कारण कायद्यात एन्फोर्समेंट बोर्डाला (दंडाचा आदेश काढणारं मंडळ) दंड कमी करता येतो आणि लीन सोडायचा अधिकार शहराच्या निवडून आलेल्या मंडळाकडे असतो, पण प्रत्येक शहराने आपापली वाटणी केलेली असते, कुठे बोर्डाच्या जागी नेमलेला स्पेशल मॅजिस्ट्रेट ऐकतो, कुठे कमिशनसमोर, म्हणजे त्या निवडून आलेल्या मंडळासमोर जावं लागतं, कुठे स्टाफच टेबलावर आकडा ठरवतो. अर्जाची फी असते ती नाक न मुरडता भरा.

फाइलमध्ये काय लावायचं तर ज्या दिवशी टायटल मिळालं त्या दिवसाचा कागद, आधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसकट, गवतवाला पूलवाला कुंपणवाला सगळ्यांची बिलं, परमिट आणि इन्स्पेक्टरचा तो कागद. दंड ठरवताना बोर्डाने तीन गोष्टी बघायच्या असं कायद्यातच आहे, चूक किती गंभीर, सुधारायला काय केलं आणि आधीची प्रकरणं आहेत का. कमी करतानाही सगळी चर्चा याच्याभोवती फिरते. तुमची जमेची बाजू मधली, म्हणजे ४८७ दिवस ज्याने काही केलं नाही तो माणूस वेगळा आणि टायटल मिळाल्यावर अमुक दिवसांत सगळं नीट करून हजारो डॉलर घातले ते तुम्ही. हे एका पानात लिहा. ते दिवस किती होतील हे अजून तुमच्या हातात आहे.

आणि भाषण नको, प्लीज. मी आमच्या त्या पडीक घराच्या सुनावणीला मंदी, बँकांचा हलगर्जीपणा असं सगळं पाठ करून गेले होते, मॅजिस्ट्रेटने दोनच प्रश्न विचारले, घर केव्हा घेतलं आणि नियमात केव्हा आलं. तुमच्याकडून कदाचित तिसराही विचारतील, केवढ्याला घेतलं आणि आता विकणार का. खरं सांगा. स्वस्तात घेऊन दंड माफ करून घेऊन महिन्याभरात नफ्याने विकणारे गुंतवणूकदार त्यांनी पोत्याने पाहिलेत आणि अशांना ते फारशी सूट देत नाहीत, स्वतः राहणाऱ्याला किंवा दुरुस्ती करून टिकवणाऱ्याला देतात, आणि खरं सांगायचं तर मला ते चूक वाटत नाही, शेजाऱ्यांनी तीन वर्षं तुमच्या त्या पूलचे डास सोसलेत. तुमच्या नावावर त्या शहरात दुसरी मालमत्ता असेल तर तिथेही काही उघडं प्रकरण नाही ना ते आधी बघा.

शहराचा झालेला खर्च, म्हणजे इन्स्पेक्शन, टपाल, नोंदणी, त्यांनी कधी स्वतः गवत कापलं असेल तर ते, एवढं तर तुम्ही स्वतःहून देऊ करा, वर थोडं. शून्य मागू नका. मंजूर झालेला आकडा दिलेल्या मुदतीत भरायचा, नाहीतर बऱ्याच ठिकाणी पूर्ण दंड परत जिवंत होतो. भरल्यावर लीन सोडल्याचा कागद काउंटीत नोंदला गेला का तेही स्वतः बघा, सातबाऱ्यावरून बोजा उतरवायला तलाठ्याकडे खेटे घालतो तसे.

मेहुण्यांना सांगा की कोर्ट शेवटी. आदेशावर अपील करायला ३० दिवस असतात आणि तुमचा जुना आदेश त्यापलीकडे कधीच गेला. आणि दंड अवाच्या सवा आहे एवढ्या एका मुद्द्यावर भरवसा नको, फ्लोरिडातल्याच डुनेडिन शहरात वाढलेल्या गवताचाच दंड ३० हजारांच्या आसपास गेला होता आणि फेडरल कोर्टाने २०२१ मध्ये शहराचीच बाजू घेतली.

प्रश्न : आम्ही चार मित्र मिळून फ्लोरिडात टॅक्स डीडच्या लिलावात एक घर घ्यायचं म्हणतोय. मालकाने प्रॉपर्टी टॅक्स भरला नाही म्हणून काउंटी विकतेय. एजंट म्हणाला टॅक्स डीडने सगळे जुने बोजे साफ होतात. खरं का?

उत्तर : अर्धं. मॉर्टगेज सहसा जातं, पण शहराचे आणि काउंटीचे नोंदलेले लीन लिलावाच्या पैशातून फिटले नाहीत तर टॅक्स डीडनंतरही राहतात, हे कायद्यातच लिहिलंय. म्हणजे वरच्या दादांना जी सुटका कदाचित मिळेल ती तुम्हाला नाही. बोली लावायच्या आधी त्या शहराकडून लीन सर्च करून घ्या, फक्त काउंटीचं रेकॉर्ड बघून भागत नाही, उघडी परमिटं, पाण्याची थकबाकी, नोंद न झालेली कोडची प्रकरणं तिथे दिसत नाहीत. एजंटला कमिशन लिलाव झाला की मिळतं हे चौघांनी एकमेकांना सांगा.

प्रश्न : आमच्या शेजारचं घर बँकेने घेतलंय, वर्षभर कोणी फिरकलेलं नाही, पूलमध्ये बेडूक. नाव न सांगता तक्रार करता येते का? आधीचे मालक ओळखीचे होते.

उत्तर : फ्लोरिडात १ जुलै २०२१ पासून नाव आणि पत्ता दिल्याशिवाय इन्स्पेक्टर चौकशी सुरू करत नाही, जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका असेल तेवढा अपवाद. पण आधी शहराला विचारा की त्यांच्याकडे फोरक्लोजरच्या घरांचं रजिस्टर आहे का, खूप शहरांत बँकेला नोंदणी करून देखभाल करणाऱ्याचा नंबर द्यावा लागतो, तो नंबर कधीकधी दारावरच चिकटवलेला असतो. थेट त्याला फोन करा. तो आठवड्यात आला तर तक्रारीची गरजच नाही, ओळखीच्या लोकांचाही प्रश्न येत नाही कारण घर आता त्यांचं नाहीच.