होम्स घर फोडतो, मग मी सही केली तर काय?

पालकांचा एक प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. मुलं जे वाचतात, बघतात, त्यातला चांगला माणूसच खोटं बोलतो, कुलूप तोडतो, पोलिसांना चकवतो आणि शेवटी तोच बरोबर ठरतो. मग घरी ‘खोटं बोलू नये’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील बँकेत, मुलगी नववीत. मुलीने मैत्रिणीच्या वडिलांची खोटी सही केली होती. कबड्डीच्या निवड चाचणीसाठी दुसऱ्या तालुक्याला जायचं होतं, त्याला पालकांचं संमतिपत्र हवं होतं आणि मैत्रिणीचे वडील ‘पोरीच्या जातीला कशाला हवं’ म्हणत कागदाला हात लावायला तयार नव्हते. क्रीडाशिक्षकांनी सही ओळखली. दोन्ही घरच्यांना शाळेत बोलावणं गेलं.

“सहीचं एक वेळ समजून घेईन, मॅडम,” वडील म्हणाले, “पण हिला काही वाटतच नाही. वर मलाच सांगते, शेरलॉक होम्ससुद्धा घर फोडतो.”

फोडतो, हे खरंच आहे. १९०४ सालची मिल्व्हर्टनची कथा. हा माणूस बायकांची जुनी खासगी पत्रं मिळवतो आणि ठरलेली लग्नं मोडायची धमकी देऊन पैसे उकळतो. बदनामीच्या भीतीने कुणी तक्रार करत नाही, म्हणून कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. होम्स वॉटसनला घेऊन रात्री त्याच्या घरात शिरतो. हा कायद्याने गुन्हा आहे, पण नीतीच्या दृष्टीने समर्थनीय आहे, असं तो आधीच बोलून दाखवतो. पुढे तिजोरीतली सगळी पत्रं तो आगीत टाकतो.

अशा वेळी आईवडील ‘ते पुस्तकात असतं’ म्हणून विषय संपवतात. तिथेच बोलणं तुटतं. माझा अनुभव उलटा आहे. मुलाने नायकाचा दाखला दिला, तर तो नायक आपण मुलापेक्षाही मनावर घ्यावा. मी मुलीला म्हटलं, “कथा पुन्हा सांग, पण काही गाळू नकोस.” तिने सगळं सांगितलं, फक्त अ‍ॅगाथाला गाळलं. घरातली आतली माहिती मिळावी म्हणून होम्स नळ दुरुस्त करणाऱ्याचं सोंग घेतो आणि मिल्व्हर्टनच्या मोलकरणीशी, म्हणजे अ‍ॅगाथाशी, चक्क लग्न ठरवतो. त्या मुलीचं काय, असं वॉटसन विचारतो, तर होम्स खांदे उडवतो. तिच्या मागे दुसरा एक जण आहेच, म्हणतो. कथा पुन्हा तिच्याकडे वळत नाही.

“पण ताई, तिचं त्या दुसऱ्याशी जमलंच असेल की!”

“असेलही. तुझ्या गोष्टीतली अ‍ॅगाथा कोण?”

ती गप्प बसली. हिला शाळेत एक दिवस बोलणी बसली होती. मैत्रिणीचा सराव कायमचा बंद झाला होता आणि तिचं दप्तर रोज तपासलं जात होतं.

होम्स नेहमी असाच वागतो असंही नाही. १८९२ च्या निळ्या माणकाच्या कथेत तो रायडर नावाच्या चोराला घरातून जाऊ देतो. पण ज्या निरपराध माणसावर आळ आहे तो हॉर्नर सुटेल ना, याचा विचार त्याने केलेला असतो. रायडरची साक्षच नसेल तर खटला टिकणार नाही. मुलीला हा फरक दाखवल्यावर ती पहिल्यांदा होम्सवर चिडली. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

वडिलांशी वेगळं बोलले. ते रोज पोथी वाचणारे, म्हणून कर्णपर्वातला कौशिक काढला. कृष्णाने अर्जुनाला सांगितलेली ही कथा. कौशिकाचं व्रत खरं बोलण्याचं. जीव वाचवायला रानात लपलेली माणसं कुठे आहेत, हे तो लुटारूंना खरंखरं सांगतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. “तुमच्या नियमाची किंमत कधी दुसऱ्या कुणी मोजली का?” असं विचारलं. बराच वेळ ते टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, सही जुळत नाही म्हणून एका थकलेल्या बाईंना त्यांनी पुन्हा पुन्हा परत पाठवलं होतं. साक्षीदारांसमोर अंगठा घ्यायची सोय बँकेत होती. “नियम सांगितला की आपलं काम झालं, असंच वाटायचं, मॅडम.”

काळजी कधी करावी, हेही पालक विचारतात. खोट्याचा फायदा दर वेळी स्वतःलाच होत असेल, पकडलं गेल्यावर दुसऱ्यावर ढकललं जात असेल, किंवा ज्याचं नुकसान झालं त्याच्याबद्दल महिनोन्‌महिने काहीच वाटत नसेल, तर लवकर भेटा. आवडता नायक कोण, यावरून मात्र काही ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग आजारी बायकोसाठी औषध चोरावं का, हा पेच मुलांपुढे ठेवायचे, तेव्हा त्यांना ‘हो’ की ‘नाही’ यापेक्षा त्यामागचं कारण महत्त्वाचं वाटायचं. चौदा-पंधराव्या वर्षी मुलं ही कारणं नव्याने जुळवत असतात. होम्सचा दाखला देणारी मुलगी निदान कारण तरी देत होती.

पुढे मुलगी मैत्रिणीला भेटली. माफी मागायची हे तिचं तिनेच ठरवलं होतं. मैत्रीण म्हणाली, “मला विचारायचंस तरी. आईने केली असती सही.” संमतिपत्रावर ‘पालक’ एवढंच छापलं होतं. आईची चालली असती, हे दोघींपैकी एकीला आधीपासून माहीत होतं आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

यंदाची निवड चाचणी हातची गेली. मैत्रिणीच्या घरी आता मुलीचे वडील जाऊन बसतात, सरावाचा विषय काढतात, नकार ऐकून परत येतात. परवा चहा मिळाला म्हणाले.