हेडलाइटला मार्स लाइटचा परिणाम देण्याआधी सीव्ही २९ दुरुस्त करा

आपल्या मॉडेल रेल्वेच्या इंजिनाबद्दल आपण लिहिले आहे की गती एकेक पायरीने वाढवली की हेडलाइट एका पायरीला लागतो आणि पुढच्या पायरीला विझतो, सीव्ही २९ (डिकोडरमधल्या आकडे साठवायच्या क्रमांकित जागांपैकी, म्हणजे सीव्हींपैकी, एक) वाचल्यावर ३६ हा आकडा मिळतो, आणि आपल्याला पुढच्या दिव्याला मार्स लाइटचा, म्हणजे झोत हलवणाऱ्या इशाऱ्याच्या दिव्यासारखा, परिणाम द्यायचा आहे. या लक्षणांवरून डिकोडर, म्हणजे आज्ञा वाचून मोटर आणि दिवे चालवणारा इंजिनातला सर्किट बोर्ड, बिघडलेला वाटत नाही. कृपया तो बदलू नका.

डीसीसीच्या (रुळांतून इंजिनाला डिजिटल आज्ञा पाठवण्याच्या प्रणालीच्या) १४ गती-पायऱ्यांच्या पद्धतीत गतीच्या आज्ञेतलाच एक बिट हेडलाइटसाठी राखलेला असतो, आणि २८ पायऱ्यांच्या पद्धतीत तोच बिट मधल्या पायऱ्या दाखवण्यासाठी वापरला जातो. कंट्रोलर २८च्या हिशेबाने आज्ञा पाठवत असेल आणि डिकोडर ती १४च्या हिशेबाने वाचत असेल, तर गतीतला प्रत्येक बदल डिकोडरला दिव्याची आज्ञा वाटतो. आपल्या ३६ मध्ये ३२ लांब पत्त्याचे (इंजिनाच्या चार अंकी क्रमांकाचे) आणि ४ अॅनालॉगवर (डीसीसी नसलेल्या साध्या रुळावर) चालण्याचे आहेत. २८ आणि १२८ पायऱ्यांसाठी लागणारे २ त्यात नाहीत. म्हणून तिथे ३८ लिहा. अनेक ठिकाणी सरसकट ६ लिहायला सांगितलेले आढळेल, पण त्यामुळे लांब पत्ता बंद होईल आणि इंजिन आपण दिलेल्या क्रमांकाला प्रतिसादच देणार नाही.

यानंतर परिणामाकडे वळा. इथे दोन गोष्टींची सतत गल्लत होते. कोणत्या बटणाने कोणती तार चालू होते हे सीव्ही ३३ पासून पुढे ठरते: ३३ मध्ये १ असेल तर पुढे जाताना एफ-शून्यने (दिव्याच्या बटणाने) पुढच्या दिव्याची पांढरी तार, आणि ३४ मध्ये २ असेल तर मागे जाताना मागच्या दिव्याची पिवळी तार चालू होते. ती तार कशी उजळते, हे मात्र वेगळ्या सीव्हीत असते. डिजिट्रॅक्स, साउंडट्रॅक्स आणि टीसीएसच्या अनेक डिकोडरांत पांढऱ्या तारेसाठी तो सीव्ही ४९ आहे, परंतु त्यातल्या आकड्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा निराळा असल्यामुळे आपल्याच मॉडेलची पुस्तिका उघडून बसा. ईएसयूच्या लोकसाउंडमध्ये तर आधी सीव्ही ३१ मध्ये १६ आणि सीव्ही ३२ मध्ये ० लिहून योग्य पान (सीव्हींचा गट) निवडावे लागते. ते न करता पुढचे आकडे लिहिले तर ते भलत्याच जागी जातात.

दिवा एलईडी असेल तर पुस्तिकेत एलईडीसाठीची वेगळी सोय आहे का, ते अवश्य पाहा. बल्बच्या आतली बारीक तार तापायला आणि निवायला क्षणभर घेते, त्यामुळे त्याची उघडमीट आपोआप मऊ दिसते. एलईडी मात्र तत्क्षणी लागतो आणि विझतो, म्हणून बल्बसाठी आखलेला मार्स लाइट त्यावर झटके दिल्यासारखा दिसतो. मंद प्रकाशाचेही तसेच आहे: निम्मा प्रवाह दिला तरी डोळ्याला एलईडी निम्मा मंद वाटत नाही, तेव्हा आकडा बराच खाली आणायची तयारी ठेवा.

सीव्ही २९ प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सीव्ही लिहिण्या-वाचण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) लिहून परत वाचून घ्या. परिणामाचे आकडे मात्र मुख्य रुळावर, एफ-शून्य चालू आणि दिशा पुढची ठेवून, एका वेळी एकच बदलत लिहा, म्हणजे प्रत्येक बदल लगेच दिव्यात दिसेल.