हवानाचा पोस्टमन आणि त्याचा तुंबा

प्रश्न : मी सहा वर्षं तबला शिकतोय. मध्यंतरी 'वॉटरमेलन मॅन' ऐकलं, मित्र म्हणाला हे हर्बी हॅनकॉकचं, दुसरा म्हणाला नाही, मॉन्गो सांतामारियाचं. नक्की कोणाचं? हा मॉन्गो कोण? आणि त्याचा कोंगा म्हणजेच आपल्या ऑर्केस्ट्रातला तुंबा का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : शेवटचं आधी सांगतो कारण ते एका वाक्याचं काम आहे. हो, तोच, उंच, हाताने वाजवायचा ढोल. क्यूबात त्याला तुंबादोरा म्हणतात, अमेरिकेत कोंगा हे नाव चाललं, आणि आपल्याकडे रेकॉर्डिंगवाल्यांत आणि ऑर्केस्ट्रावाल्यांत तुंबाच राहिलं, म्हणजे गणपतीत स्टेजवर उभा राहून तुंबा वाजवणाऱ्या पोराच्या तोंडी अजून क्यूबाचाच शब्द आहे, मला ही गोष्ट फार आवडते.

आता मॉन्गो. क्यूबाचा कोंगावाला, खरं नाव रामोन, जन्म १९१७, क्यूबाची राजधानी हवाना, तिथल्या हेसूस मारिया वस्तीत. गरीब कष्टकरी लोकांची वस्ती, बरीचशी आफ्रिकन वंशाची, आपल्या चाळीसारखी घरं, मधे एक चौक आणि त्या चौकात रुंबा, म्हणजे ढोल, गाणं आणि नाच. हातात ढोल नसेल तर लाकडी खोक्यावर. आईला वाटायचं पोराने व्हायोलिन शिकावं, शिकलाही थोडं, पण कान चौकाकडे. पुढे दिवसा पत्रं वाटायची आणि रात्री क्लबात वाजवायचं, अशी बरीच वर्षं काढली. मग मेक्सिको, आणि १९५० ला न्यूयॉर्क. तिथे टिटो पुएन्ते या बँडप्रमुखाच्या लॅटिन बँडमधे सहा-सात वर्षं, मग १९५७ ला टिंबाले (काठ्यांनी वाजवायचे धातूचे जोडढोल) वाजवणारा विली बोबो आणि हा असे दोघे मिळून कॅलिफोर्नियात कॅल जेडरकडे गेले. जेडर व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) वाजवायचा, मूळचा जॅझवाला, आणि तिथे मॉन्गोचा हात जॅझच्या लोकांना खऱ्या अर्थाने ऐकू आला असं माझं मत आहे, पुएन्तेकडे ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या भिंतीमागे तो झाकला जायचा.

आता 'वॉटरमेलन मॅन'. गाणं जॅझ पियानोवाल्या हॅनकॉकचंच. शिकागोत लहानपणी गल्लीतून कलिंगडवाल्याची घोडागाडी जायची, दगडी रस्त्यावर तिच्या चाकांचा आवाज, त्यावरून त्याला ते सुचलं आणि १९६२ च्या मे महिन्यात त्याने ते आपल्या पहिल्या अल्बमसाठी रेकॉर्ड केलं. त्याच वर्षी मॉन्गोच्या बँडचा पियानोवाला सोडून गेला, तोही साधासुधा नव्हता, पुढे जॅझमधलं मोठं नाव झालेला चिक कोरिया होता, आणि त्याच्या जागी काही दिवस हॅनकॉक बदली म्हणून आला. ब्रॉन्क्समधला एक क्लब, गर्दी फार नाही. ट्रम्पेटवाला डोनाल्ड बर्ड तिथे होता, गप्पा चालल्या होत्या की जॅझ आणि क्यूबन संगीत यांना जोडणारा दुवा कुठे आहे, आणि बर्ड हॅनकॉकला म्हणाला ते तुझं कलिंगडवालं वाजव बघू. हॅनकॉकने सुरू केलं, मॉन्गोने कोंग्यावर हात टाकला आणि ते दोन्ही एकमेकांत असे बसले की बाकीचे वादक एकेक करून येत गेले आणि खुर्चीवरचे लोक उठून नाचायला लागले. डिसेंबरमधे मॉन्गोने ते रेकॉर्ड केलं आणि १९६३ मधे अमेरिकेच्या पॉप यादीत ते दहाव्या नंबरपर्यंत गेलं. म्हणजे तुमचे दोन्ही मित्र बरोबर आहेत.

प्रश्न : 'ऍफ्रो ब्लू' ही जॉन कोलट्रेनची रचना ना? मग मॉन्गोच्या नावावर का दाखवतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कारण ती मॉन्गोचीच आहे. १९५९ ची, जेडरच्या बँडमधे असतानाची. सॅक्सोफोनवाल्या कोलट्रेनने १९६३ मधे वाजवली आणि इतकी जबरदस्त वाजवली की बरेच जण त्याचीच समजतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हाताने ढोल वाजवणारा माणूस रचनाही करू शकतो हे लोकांच्या ध्यानातच येत नाही, आपल्याकडे तबलजींनाही 'साथीला' म्हणून बाजूला बसवलं जायचं तसंच काहीसं.

तबला येणाऱ्याला तिची गंमत लगेच कळेल. मूळ रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बेस (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) ऐका, मुख्य ठोके चार आणि तेवढ्याच वेळात बेस सहा वाजवतो, म्हणजे सरळ दीडपट. आपण दीडपट दाखवतो आणि परत बरोबरीला येतो, इथे बरोबरी आणि दीडपट दोन्ही शेवटपर्यंत सोबत चालतात, आणि हे आफ्रिकेतून क्यूबात आलेलं आहे, मॉन्गोच्या वस्तीत पूजेच्या ढोलावर रोज वाजायचं. त्याने पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत बसून निव्वळ ढोल आणि देवांच्या गाण्यांचे अल्बम केले होते आणि १९६० ला खास हवानाला जाऊन तिथल्या वादकांसोबत रेकॉर्डिंग केलं. जॅझ कितीही आलं तरी हात हेसूस मारियाचाच राहिला.

१९७३ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममधे चाळीस हजारांवर लोकांसमोर त्याची आणि दुसरा कोंगावाला रे बारेटो याची कोंग्यावर जुगलबंदी झाली, लोक धावत मैदानात घुसले आणि कार्यक्रम थांबवावा लागला. नंतर ग्रॅमीही मिळालं. २००३ ला मायामीत गेला.

प्रश्न : तबल्याचा हात तुंब्यावर चालेल का?
— मिरजेचेच वाचक

उत्तर : चालेल, पण एक सवय मोडावी लागेल. तुंबाओ नावाचा मूळ ठेका आहे, चार मात्रांत आठ आघात : तळवा, बोटं, स्लॅप, बोटं, तळवा, बोटं, आणि चौथ्या मात्रेवर दोन खुले, टूं टूं. बघा, सगळ्यात मोठा आवाज शेवटी आहे आणि पहिल्या मात्रेवर नुसता दाबलेला तळवा. सम म्हणून तिथे जोर द्यायचाच नाही. मी तबल्यावरून तुंब्यावर गेलो तेव्हा पहिले दोन महिने हात आपोआप तिथेच जोरात पडायचा, मग मी उजवा हात मांडीवर ठेवून फक्त डाव्याने तळवा-बोटं, तळवा-बोटं असं रोज अर्धा तास केलं, तेव्हा कुठे सुटलं. स्लॅपमधे बोटं कातड्यावर फेकायची आणि किंचित धरायची, सुरुवातीला बोटांच्या पेरांना चिकटपट्टी लावा नाहीतर चिरतात. दोन तुंबे घ्यायची घाई करू नका, एकावर खुला आवाज स्वच्छ यायला लागला की मग दुसरा.