'ड्रग डिलिव्हरी'ला औषध वितरण म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की कॅन्सरचं औषध पेशीत नेणाऱ्या, पॉलिमरच्या (म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या) अतिसूक्ष्म कॅप्सूलवर मराठीत लेख लिहायचाय, तर 'ड्रग डिलिव्हरी'ला 'औषध वितरण' आणि कॅप्सूलला 'कुपी' चालेल का.

वितरण कृपया नको. वितरण म्हणजे वाटप, रेशनचं, पेपरचं, बक्षिसांचं, सगळ्यांना थोडंथोडं. डॉक्सोरुबिसिनसारखं कॅन्सरचं औषध नुसतं शिरेतून दिलं की नेमकं हेच होतं, रक्ताबरोबर अंगभर जातं, केस गळतात, तोंड येतं, हृदयाच्या स्नायूलाही इजा होऊ शकते म्हणून एका पेशंटला एकूण किती द्यायचं याला मर्यादा असते. हे वाटप टाळायचं म्हणून तर कॅप्सूलचा सगळा खटाटोप चाललाय, आणि त्यालाच आपण वितरण म्हणायचं? साधं 'पेशीत औषध पोचवणं' लिहा, कुणाचंही अडणार नाही.

आता कुपी. शब्द गोड आहे पण कुपीला तोंड असतं, बूच असतं, आणि या कॅप्सूलला तोंडच नाही. फ्रँक कारुसो हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत १९९८ च्या सुमारास जी पद्धत दाखवली (नंतर कारुसोंचं काम मेलबर्नला पुढे गेलं) तिच्यात साचा म्हणून घेतलेल्या एका अतिसूक्ष्म गोळीवर धन भाराच्या पॉलिमरचा थर द्यायचा, त्यावर ऋण भाराचा, परत धन, असं करत जायचं आणि शेवटी आतली गोळीच काढून टाकायची की उरतं पोकळ कवच. पुढे काही कॅप्सूलमध्ये पॉलिमरचे धागे सल्फर-सल्फर बंधांनी एकमेकांना जोडले, कारण हे बंध तोडणारं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य रक्तात अगदी कमी आणि पेशीच्या आत शेकडो पट जास्त असतं, मग पेशीनं कॅप्सूल आत ओढून घेतली की ते बंध तुटतात, कवच सुटं होतं आणि औषध बाहेर येतं.

म्हणून मला 'कोश' पटतो, 'सूक्ष्मकोश'. वायुकोश, परागकोश आपण शाळेपासून म्हणतो, आणि परागकोश तर पिकला की स्वतःच उकलतो, इथेही तेच हवंय. फक्त 'औषधकोश' करू नका, लोक डिक्शनरी समजतील. पॉलिमरला पाठ्यपुस्तकात बहुवारिक आहे, ते एकदा सांगा आणि पुढे बिनधास्त पॉलिमरच लिहा.