गाडी फारशी फिरत नाही, तरी वाटेत बंद का पडते? सर्व्हिसिंग किती दिवसांनी करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी सहा वर्षांची आहे, फिरलीय जेमतेम २४ हजार किलोमीटर. एवढ्या कमी रनिंगला सर्व्हिसिंगची घाई कशाला, म्हणून दीड वर्ष गॅरेजला नेली नाही. आणि परवा गगनबावड्याच्या रस्त्याला गरम होऊन उभी राहिली.

मी कोल्हापुरात उद्यमनगरला २२ वर्षं गॅरेज चालवतो. कमी फिरणाऱ्या गाड्या अशा दगा देतात, हे माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे. होज पाइप (कूलंट नेणाऱ्या रबरी नळ्या), फॅन बेल्ट, टायर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), ब्रेक ऑइल, बॅटरी यांचं वय गाडी दारात उभी असली तरी वाढतच असतं. म्हणून तर गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असं छापलेलं असतं. तुमच्यासारख्यांनी त्यातले महिनेच धरायचे. वर्षातून एकदा, आणि ते पावसाळ्याच्या आधी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मे महिन्यात एक हायस्कूलचे सर ऑइल बदलायला आले. गाडी तुमच्यासारखीच, कमी फिरलेली. रेडिएटरचा वरचा होज दाबून बघितला तर क्लिपेजवळ फुगून मऊ पडला होता. म्हटलं, “सर, हा आजच बदलूया.” ते म्हणाले, “मिस्त्री, उद्या सकाळी गणपतीपुळ्याला निघायचंय, आल्यावर बघू.” मी गप्प बसलो. तेव्हा हट्ट धरायला पाहिजे होता, हे मला आजही लागून राहिलंय.

परतीला साखरपा सोडून आंबा घाट चढताना, पाच माणसं, एसी चालू, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी, आणि होज फुटला. तापमानाचा काटा लाल रेघेपर्यंत गेला. सर थांबणार तेवढ्यात काटा आपोआप खाली आला. त्यांना वाटलं गाडी थंड झाली, आणि ते तसेच तीन-चार किलोमीटर वर चढले.

इथं नीट लक्ष द्या. तापमान दाखवणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट सगळं वाहून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. आत इंजिन मात्र तापतच असतं. हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलं, त्याखालचं गॅसकेट गेलं, लहान पोरांना घेऊन त्यांना अंधारात घाटात बसावं लागलं. ४५० रुपयांच्या होजपायी ३१ हजारांचं काम निघालं. काटा एकदा वर गेला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, मग तो खाली येवो न येवो.

होज तपासायला मिस्त्री लागत नाही. सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि होज अंगठा-बोटाच्या चिमटीत दाबा. दाबल्यावर लगेच परत उठला तर ठीक. पिकल्या केळ्यासारखा मऊ लागला, दाबताना आतून करकर आवाज आला, किंवा क्लिपेभोवती वाळलेल्या कूलंटचा पांढरट-हिरवट थर दिसला, तर तो बदलायचाच. सोबत रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघा. ते झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट शंभर अंशाच्या वर गेलं तरी उकळत नाही. रबर सैल झालं की दाब राहत नाही आणि घाटात गाडी उकळते. तापलेल्या गाडीचं झाकण मात्र कधीही उघडू नका, चेहरा भाजलेली माणसं मी बघितलीत.

आणि कूलंट कमी झालं की नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडं ही सवय फार आहे. बोअरच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आतून गंज धरतो. पुस्तकात सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं. पन्हाळ्यावरून किंवा करूळ घाटातून ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर तापलेल्या ऑइलमधल्या त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. उतारालाही गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की मीटर लावून घ्या. गाडी रात्रभर उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. टायरवर DOT ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. ३२१९ असेल तर तो २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी एवढ्या वयाच्या टायरच्या बाजूला चिरा शोधा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या नुसत्या सेल्फ मारल्यामुळं गेल्या. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर बॅटरीची तार काढा आणि टो करून आणा.

तुमच्या गाडीत मी आधी दोन्ही होज, झाकण, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर फिरतोय का, हे बघेन. गरम झाल्यावर किती वेळ चालवली, ते मिस्त्रीला खरं सांगा. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल किंवा ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल, तर गाडी चालू करू नका, मिस्त्रीला घरी बोलवा. पेट्रोल की डिझेल, ते तुम्ही लिहिलेलं नाही. डिझेल असेल तर फिल्टरच्या तळाचं पाणीही काढून घ्या.