पऱ्हाट्या (कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडं) आणि गावच्या कचऱ्यापासून वीज बनवायचा छोटा प्रकल्प मराठवाड्यात परवडेल का?

परवडेल, पण आधी पऱ्हाट्या ठेवायला पत्र्याचं शेड बांधा. मशीनची चौकशी नंतर.

जालना जिल्ह्यात असाच एक प्रायोगिक गॅसिफायर होता, मी त्यावर ऑपरेटर होतो. पऱ्हाट्यांचे तुकडे वरून टाकायचे, कमी हवेत अर्धवट जाळायचे, निघालेला गॅस धुऊन-गाळून डिझेल इंजिनात सोडायचा. माल कोरडा असेल तर निम्म्याहून जास्त डिझेल वाचतं. उन्हाळाभर मशीन झकास चाललं. मृगात उघड्यावरचा ढीग भिजला. ओल २० टक्क्यांच्या वर गेली की आतली आग पाणी वाळवण्यातच खर्ची पडते आणि गॅसबरोबर डांबर येतं. फिल्टर चिकटले, व्हॉल्व्ह जाम झाले, आणि डिझेल वाचवायला आणलेला प्रकल्प नुसता डिझेलच प्यायला लागला. शेड मी आधीच मागितलं होतं. ‘तरतूद नाही.’

प्रकल्प गुंडाळताना साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘शेतकऱ्यांचे सहकार्य मिळाले नाही.’ हे मला आजही झोंबतं. पऱ्हाटी उपटायची मजुरी शेतकऱ्याची, ट्रॅक्टरचं भाडं त्याचंच, आणि माल फुकट? आमचे चुलते साहेबांना तोंडावर म्हणाले होते, “लाइट तुमच्याकडं लागणार, अन् चुलीला सरपण आमच्या घरच्यांनी हुडकायचं व्हय?” बाकीचे शेतकरी रान मोकळं करायला पऱ्हाट्या धुऱ्यावर पेटवून देतात. गुलाबी बोंडअळीमुळे त्या रानात ठेवायच्याच नसतात. म्हणजे माल बाहेर काढायला लोक तयारच होते, कुणी वाहतूक द्यायला तयार नव्हतं. साखर कारखाने बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडांवर, वीज बनवतात, तो दाखला मला देऊ नका. तिथं बगॅस उसाबरोबर आपोआप आत येतं.

तेव्हा किलोमागे भाव ठरवा आणि काट्यावरच पैसे द्या. विजेच्या एका युनिटला सव्वा ते दीड किलो कोरडा माल धरा. हिशेब त्यात बसत नसेल तर नाद सोडा, गावाला दोष देऊ नका.

गावच्या कचऱ्याचं राहिलंच. ओला कचरा यात चालत नाही, त्याला बायोगॅस. प्लास्टिक तर अजिबात टाकू नका. आणि शेड म्हणालो ते मालासाठी. मशीन चारी बाजूंनी मोकळ्या जागेत हवं. या गॅसमध्ये साधारण पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला स्वतःचा वास नसतो आणि तो माणूस मारतो.